घाटाआधी जेऊर गाठणारे बर्कली

जेऊर (ता. करमाळा) : मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील जेऊरच्या परिसरात रेल्वे आली ती १८५९ मध्ये. मुंबई आणि पुण्याला जोडणारा बोरघाटातील मार्ग मात्र १८६३ मध्ये खुला झाला. मधला दुवा अपुरा असतानाच पुढचा मार्ग वापरात आला होता. या कामाचे सूत्रधार होते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली. प्रकल्प व्यवस्थापनाचे प्राथमिक धडे गिरवणाऱ्यांना पारंपरिक आणि ‘अजाइल’ या दोन पद्धतींतील फरक त्यांच्या चरित्रातून सहज उमगतो.

१८१९ मध्ये लंडनजवळ जन्मलेले बर्कली हे प्रख्यात अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झाले आणि १८५० मध्ये मुंबईत दाखल झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे १८५४ मध्ये कल्याण, १८५६ मध्ये खोपोली, तर १८५८ मध्ये घाटमाथ्यावरील खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला. त्याच वर्षअखेरीस गाडी दिकसाळला, तर ऑक्टोबर १८५९ मध्ये जेऊरमार्गे बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोहोचली. १८६० मध्ये सोलापूर जोडले गेले. या काळात खोपोली ते खंडाळा ही चढण प्रवासी पालखी, तट्टू वा बैलगाडीने पार करीत.

तयार झालेला प्रत्येक भाग तत्काळ लोकांच्या उपयोगी आणायचा आणि त्यातून मिळालेल्या अनुभवावर पुढील पाऊल टाकायचे, हेच ‘अजाइल’चे मर्म. संगणक प्रणाली तयार करणाऱ्या १७ तज्ज्ञांनी २००१ मध्ये या विचाराचा जाहीरनामा अमेरिकेत मांडला. बर्कली यांच्या काळी हा शब्द या अर्थाने अस्तित्वातही नव्हता.

घाटात मात्र हा मार्ग चालणारा नव्हता. अर्धा बोगदा कोणाच्याच कामाचा नसतो. तेथे बर्कली यांनी पारंपरिक पद्धत अवलंबिली. आधी दीर्घ सर्वेक्षण, मग आराखडा, मंजुरी, कंत्राट आणि शेवटी बांधकाम. सुमारे २५ किलोमीटरच्या या मार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल आखले गेले. १८५६ मध्ये काम सुरू झाले.

तरीही कागदावरच्या योजनेला वास्तवाने धक्के दिलेच. कंत्राटदार फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट निभावले. ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. कॉलरा आणि अपघातांनी त्यांतील असंख्यांचा बळी घेतला. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतलेले बर्कली २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी निवर्तले. घाटमार्ग खुला झाला तो त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी. सपाटीवर टप्प्याटप्प्याने आणि घाटात पूर्ण आखणीने, असे काम ओळखून पद्धत निवडण्याचे भान हाच त्यांचा नवख्या व्यवस्थापकांसाठीचा वारसा होय. घाटमार्गाची गाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. जेऊरच्या माळावरून ती धावू लागली, तेव्हा मात्र ते हयात होते.