पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपात : आचार्य धर्मानंद कोसंबी

आज आपल्या घरी त्रिसरण-पंचशील मराठी अक्षरांत छापलेले असते. वंदनेची पुस्तिका हाती घेतली की लहान पोरही वाचू शकते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ज्याला भगवंताची मूळ वाणी शिकायची असेल त्याला समुद्र ओलांडून परमुलखात जावे लागे. त्या वाटेने गेलेल्या एका विद्यार्थ्याचे हे चरित्र आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले आणि नारळीच्या बागायतीची कामे अंगावर पडली. लग्नही लहान वयात झाले. मुलांच्या एका मराठी मासिकात भगवान बुद्धाविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणावा, ही एकच तळमळ त्यांना लागून राहिली.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या. एकाच्या ज्ञानासाठी घरच्या बाईने किती सोसले, हे या चरित्रात विसरता कामा नये.

पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांकडे ते काही काळ राहिले. पुढे काशीस जाऊन अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. संस्कृत आले, पण बुद्धाचा धर्म शिकविणारा गुरू काशीत मिळाला नाही. जिथून जवळच सारनाथला भगवंतांनी धम्मचक्र फिरविले, त्या नगरीची ही अवस्था होती! म्हणून १९०२ च्या आरंभी ते नेपाळात गेले. तेथेही मनासारखे काही दिसले नाही. निराश होऊन ते बुद्धगयेस आले. पालीचा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपात जावे, असे तेथे कळले. मग कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते त्याच वर्षी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पोहोचले.

सिंहलद्वीपच का? महास्थविर महेंद्र यांनी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तेथे धम्म नेला. इ. स. पूर्व पहिल्या शतकात तेथील भिक्खूंनी त्रिपिटक प्रथम लिहून काढले. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपुरात विशुद्धिमार्ग रचला. भारतातून लोपलेली ती वाणी त्या बेटाने जिवापाड जपली होती.

कोलंबोत विद्योदय परिवेण नावाचे विद्यालय होते. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते १८७३ साली स्थापिले. मोठे विद्वान भिक्खू ते! त्यांच्याजवळ धर्मानंद शिकू लागले आणि तेथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. देश नवा, भाषा नवी, जेवणखाण निराळे. ग्रंथ पालीत, पण अक्षरे सिंहली. म्हणजे पंचविशी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करायचा. काशीत मिळविलेले संस्कृत येथे उपयोगी पडले, परंतु त्याचा अभिमान बाजूला ठेवून विद्यार्थी व्हावे लागले. अन्न व हवा त्यांना मानवेना. प्रकृती खालावली आणि सुमारे वर्षभराने, १९०३ मध्ये, त्यांना परतावे लागले. पण अभ्यास सुटला नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्खू झाले, तेथील लिपीतले ग्रंथही वाचले. १९०६ च्या सुमारास ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले.

या प्रवासाचे फळ काय? बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी त्यांनी सोडली. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. विशुद्धिमार्गाच्या संशोधनासाठी त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने बोलाविले. तोच ग्रंथ त्यांनी १९४० साली मुंबईत देवनागरी अक्षरांत छापून आणला.

मूळ पाली वाचता येऊ लागल्याने आणखी एक मोठे काम झाले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, अशी कथा पूर्वापार सांगत. धर्मानंदांनी जुनी सुत्ते ताडून पाहिली. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे शाक्य व कोलिय यांच्यातील कलह हे गृहत्यागाचे कारण असावे, असे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांडले. पूज्य बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाच्या मुळाशी आहे. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

धर्मानंद गांधीजींच्या चळवळीतले होते. त्यांची वाट आणि बाबासाहेबांची वाट एक नव्हती. तरीही १९३७ साली मुंबईच्या परळ भागात कामकरी व दलित वस्तीसाठी त्यांनी बहुजनविहार उभा केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर नऊ वर्षांनी झाली.

ज्या विद्येसाठी त्यांना समुद्रापार जावे लागले, ती आज शाळा-कॉलेजांत आपल्या मुलामुलींना शिकता येते. तेव्हा घराघरातील आईबापांना एवढेच सांगणे आहे की, वंदना पाठ झाली म्हणून थांबू नका. तिच्यातील एकेका शब्दाचा अर्थ मुलांना विचारा आणि त्यांच्याबरोबर आपणही शिका. मुलाइतकेच मुलीलाही शिकवा. बाळाबाईंसारखे कुणाला मागे राहावे लागू नये. समजून घेतलेला धम्मच पिढ्यान् पिढ्या टिकतो.