कांग यूवेई आणि शिळांची अक्षरे

कांग यूवेई (१८५८–१९२७) चीनमधील १८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणांचा प्रणेता म्हणून ओळखला जातो. परंतु त्याच्या परिवर्तनविचाराची एक घडण शिलालेखांच्या अभ्यासात झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

ग्वांगदोंग प्रांतातील नान्हाय येथे जन्मलेल्या कांगने १८८८ मध्ये बीजिंगमध्ये सम्राटास सुधारणांविषयी निवेदन लिहिले. ते सम्राटापर्यंत पोहोचलेच नाही. राजकारणाविषयी मौन पाळून प्राचीन शिलालेखांत मन रमवावे, हा स्नेह्यांचा सल्ला त्याने मानला. दगडावर ओला कागद बसवून, त्यावर शाईचे बोळे टेकवीत घेतलेले असंख्य ठसे त्याने न्याहाळले. ‘ग्वांग यीजोउ शुआंगजी’ (१८९१) हा ग्रंथ त्याचेच फळ होय.

सुलेखनाचा परंपरागत आदर्श म्हणजे चौथ्या शतकातील वांग शीजीचे हस्तलेख. मूळ लेख केव्हाच नष्ट झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या गिरवल्या जात होत्या त्या नकलांच्या नकला. शिळेवरचे अक्षर मात्र, झिजले तरी, त्या काळाचेच असते. रुआन युआन व बाओ शीचन यांनी उत्तरेकडील शिळांचे महत्त्व आधीच दाखविले होते; कांगने त्या मताला आवेश दिला आणि, हेही मान्य केले पाहिजे, अतिरेकही. थांगकालीन शिळांना त्याने जवळजवळ मोडीतच काढले. उलट उत्तर वेई काळातील लुंगमन लेण्यांत सामान्य उपासकांनी मूर्तींजवळ कोरविलेल्या दानलेखांची राकट अक्षरेही त्याला श्रेष्ठ वाटली. लिपीची वळणे काळानुसार पालटतात, तशीच राज्यपद्धतीही पालटते, हे प्रतिपादन त्याने याच ग्रंथात केले. मौनाचा सल्ला त्याने असा पाळला!

१८९८ मध्ये राजमाता त्सशीने सुधारणा मोडून काढल्या. कांगचा धाकटा भाऊ ग्वांगरन याच्यासह सहा जणांचा शिरच्छेद झाला, कांग परदेशी निसटला आणि त्याच्या ग्रंथांचे मुद्रणफलक नष्ट करण्याचे हुकूम सुटले. वनवासातील काही काळ त्याने दार्जिलिंगला काढला. विश्वैक्याची कल्पना मांडणाऱ्या ‘दातुंग शू’ या ग्रंथाचे काम त्याने तेथे १९०२ च्या सुमारास केले. १९१३ मध्ये तो मायदेशी परतला. परिवर्तनाचा हा पुरस्कर्ता १९१७ मध्ये मात्र पदच्युत राजघराण्याच्या पुनःस्थापनेत सामील झाला. तो डाव काही दिवसांतच फसला.

उत्तरायुष्यात शांघायमध्ये तो आपले सुलेखन विकीत असे. तेथेच तरुण चित्रकार शू बेईहोंग त्याच्याकडे शिळांच्या ठशांवरून अक्षर गिरवू लागला. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून हाच शू बेईहोंग १९३९ च्या अखेरीस शांतिनिकेतनात आला, तेव्हा त्याच्या कुंचल्यात वेई शिळांचे वळण मुरलेले होते.