एदुआर ल्युका

फ्रांस्वा एदुआर अनातोल ल्युका (४ एप्रिल, इ.स. १८४२: आमियां, फ्रान्स - ३ ऑक्टोबर, इ.स. १८९१: पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच गणितज्ञ होते. एखादी प्रचंड संख्या मूळ आहे की संयुक्त, हे तिचे अवयव न शोधताच ठरवण्याची पद्धत त्यांनी दिली. 'हॅनोईचा मनोरा' या कोड्याचे जनकही तेच.

जीवन

ल्युका यांचे शिक्षण पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरियर या संस्थेत झाले. त्यानंतर त्यांनी पॅरिस वेधशाळेत ल व्हेरिये यांच्या हाताखाली काम केले. इ.स. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्धानंतर ते अध्यापनाकडे वळले व पुढे पॅरिसमधील सें-लुई आणि शार्लमान्य या विद्यालयांत शिकवू लागले.

मूळ संख्यांची परीक्षा

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. यांपैकी २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळतात, याची यादी मारँ मर्सेन यांनी इ.स. १६४४ मध्ये दिली होती. तीत ६७ व १२७ हे घातांक होते. एवढ्या मोठ्या संख्यांना एकेका मूळ संख्येने भागून पाहणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

ल्युका यांनी भागाकाराची वाट सोडली. ३ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करावा व त्यातून २ वजा करावेत: ३, ७, ४७, २२०७... घातांक मूळ असून त्याला ४ ने भागल्यावर ३ बाकी उरत असेल, तर घातांकाहून एकने कमी क्रमांकाच्या पदाला मर्सेन संख्येने पूर्ण भाग गेल्यास ती मूळ, न गेल्यास संयुक्त. उदाहरणार्थ २^७ - १ = १२७. येथे दर पायरीला १२७ ने भागून केवळ बाकी ठेवली, की ३, ७, ४७, ४८, १६, ० अशी पदे येतात. सहावे पद शून्य, म्हणून १२७ मूळ आहे.

इ.स. १८७६ मध्ये ल्युका यांनी २^१२७ - १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे जाहीर केले. तिचे पूर्ण रूप १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ असे आहे. ज्ञात मूळ संख्यांत ती इ.स. १९५१ पर्यंत सर्वांत मोठी राहिली. केवळ हाताने केलेल्या गणिताने मूळ ठरलेल्या संख्यांत तर आजही तिचाच क्रमांक पहिला लागतो.

त्याच वर्षी २^६७ - १ ही संख्या मूळ नसल्याचे त्यांनी दाखवले. म्हणजे मर्सेन यांची यादी चुकीची ठरली. मात्र या परीक्षेतून अवयव हाती येत नाहीत. संख्या फुटते एवढे कळते, कशी फुटते ते कळत नाही. हे अवयव इ.स. १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी सादर केले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. तोवर ल्युका यांच्या मृत्यूला एक तप लोटले होते. त्यांच्या मांडणीतील सिद्धतेच्या उणिवा डी. एच. लेमर यांनी इ.स. १९३० च्या सुमारास दूर केल्या. मर्सेन संख्यांच्या संगणकीय शोधात ही ल्युका-लेमर परीक्षा वापरली जाते.

हॅनोईचा मनोरा

हे कोडे ल्युका यांनी इ.स. १८८३ मध्ये 'एन. क्लाउस (सयामचे)' या नावाने प्रसिद्ध केले. फ्रेंचमध्ये हे नाव म्हणजे 'आमियांचे ल्युका' यातील अक्षरांची उलटापालट होय. काशीच्या मंदिरात ब्राह्मण ६४ सुवर्णचकत्या हलवत आहेत, अशी आख्यायिका या कोड्याशी जोडली गेली. ती युरोपात रचलेली कल्पित कथा आहे. ६४ चकत्यांना २^६४ - १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे होतात. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या प्रसिद्ध गोष्टीतील संख्याही हीच. मर्सेन संख्यांच्या मानाने ही फोडण्यास अगदी सोपी, कारण वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र तिला पुन्हा पुन्हा लागू होते. तिचे मूळ अवयव ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ आहेत. ६४१ हा अवयव ऑयलर यांनी इ.स. १७३२ मध्येच शोधला होता.

अन्य कार्य

१, १, २, ३, ५, ८... या श्रेणीला 'फिबोनाची' हे नाव ल्युका यांच्यामुळे रूढ झाले. तिच्याशी संबंधित २, १, ३, ४, ७, ११... ही श्रेणी ल्युका संख्या म्हणून ओळखली जाते. वरील परीक्षेतील ३, ७, ४७, २२०७ ही पदे तिच्यातीलच आहेत. गणिती करमणुकीवरील त्यांच्या ग्रंथाचे चार खंड असून त्यांतील काही मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. संख्या सिद्धान्तावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड इ.स. १८९१ मध्ये निघाला.

मृत्यू

त्याच वर्षी एका विज्ञान परिषदेच्या मेजवानीत बशी खाली पडून फुटली व तिचा तुकडा ल्युका यांच्या गालाला लागला. जखमेतून विसर्प हा त्वचारोग जडला आणि काही दिवसांतच, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.