एव्हरेस्टची उंची काढणारा ‘कम्प्युटर’: राधानाथ सिकदार

गेल्या पावसाळ्यात ब्लेंडरमध्ये एव्हरेस्टचा थ्रीडी सीन करायला बसलो होतो. नासाच्या एसआरटीएमचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, म्हटलं तासाभराचं काम. फाईल लोड केली आणि बघतो तर काय, डोंगराच्या कुशीत बत्तीस किलोमीटर खोल विहिरी! हा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातल्या रडारने ११ दिवसांत गोळा केला. कड्यांच्या आड जिथे रडार पोचलं नाही, तिथे जुन्या व्हर्जनमध्ये उणे ३२७६८ हा आकडा भरलेला आहे. म्हणजे ‘इथे माहिती नाही’. सॉफ्टवेअर मात्र त्याला खरी उंची समजून बसतं.

ते खड्डे बुजवता बुजवता मी राधानाथ सिकदार यांच्याबद्दल वाचायला लागलो, आणि सीन बाजूलाच राहिला.

राधानाथ १८१३ साली कोलकात्यात जन्मले. हिंदू कॉलेजात शिकले, गणितात हुशार. १८३१ मध्ये, म्हणजे विशीही गाठली नव्हती तेव्हा, महिना ३० रुपयांवर ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेत लागले. हुद्दा होता ‘कम्प्युटर’. तेव्हा कम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस! सर्व्हेचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट त्यांच्या गणितावर खूश होते.

पण राधानाथ मान खाली घालून हिशोब करणाऱ्यांतले नव्हते. १८४३ मध्ये सर्व्हेच्या मजुरांना एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने फुकट राबवलं, तेव्हा ते उघडपणे त्याच्याशी भिडले. शिक्षा झाली २०० रुपये दंडाची. ३० रुपयांवर नोकरीला लागलेल्या माणसाला हा दंड म्हणजे काय, विचार करा.

१८४९ मध्ये ते कोलकात्यात चीफ कम्प्युटर झाले. नेपाळमध्ये शिरायला परवानगी नव्हती, त्यामुळे ‘पीक १५’ नावाच्या शिखराचे कोन बिहारच्या सपाटीवरून, पावणेदोनशे किलोमीटर लांबून घेतलेले. आता इथे खरी गंमत आहे. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळेच डोंगराचा साधारण २,४०० मीटर भाग क्षितिजाखाली जातो. वर हवेत प्रकाश वाकतो, म्हणून शिखर असतं त्यापेक्षा उंच दिसतं. ही दुरुस्ती न करता उंची ३०,२०० फुटांच्या आसपास येत होती. वेगवेगळ्या ठिकाणांची मोजमापं घेऊन, प्रत्येकाची चूक काढून, १८५२ च्या सुमाराला हे जगातलं सर्वांत उंच शिखर असल्याचं राधानाथांच्या गणितातून दिसलं. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. आजचा मान्य आकडा ८,८४८.८६. फरक जेमतेम नऊ मीटर! (ते धावत साहेबाच्या खोलीत शिरले वगैरे किस्सा फिल्मी आहे. साहेब डेहराडूनला होते आणि हे कोलकात्यात. श्रेय कोणाला किती यावरही अभ्यासकांत वाद आहे.)

माझं काम त्या मानाने पोरखेळ, पण जात तीच. कच्चा आकडा आणि खरा डोंगर यांच्यामध्ये दुरुस्त्या असतात. खड्डे शेजारच्या उंचीवरून भरले. मग डोंगर पूर्व-पश्चिम फुगलेला दिसला, कारण फाईल अंशांत असते आणि २८ अक्षांशावर रेखांशाचा अंश १११ नाही, ९८ किलोमीटरच भरतो. क्यूजीआयएसमध्ये मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये बदलून घेतली. एक्स्पोर्ट करताना ८ बिट निवडलं तर सगळ्या उंचीला २५६ पायऱ्याच मिळाल्या, म्हणजे हिमालयावर ३४-३५ मीटरच्या भातखाचरांसारखे टप्पे! १६ बिट घ्या, नाहीतर माझ्यासारखी रात्र जाईल. आणि समुद्रसपाटी कुठली धरली हेही बघा. मुंबईत जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा सुमारे ६० मीटर कमी येते. तुमचा फोन हा फरक बहुतेक वेळा गुपचूप भरून काढतो, म्हणून कळत नाही.

शिखराला १८६५ मध्ये नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. राधानाथ १८६२ मध्ये निवृत्त झाले, पुढे गणित शिकवलं. त्याआधी १८५४ मध्ये प्यारीचंद मित्र यांच्यासोबत बायकांना वाचता येईल अशा सोप्या बंगालीत मासिक काढलं होतं. १८७० मध्ये चंदननगरला ते गेले.

सर्व्हेच्या १८५१ च्या मॅन्युअलमध्ये गणिताची प्रकरणं त्यांची होती आणि प्रस्तावनेत त्यांचे आभारही होते. १८७५ च्या आवृत्तीत गणित तसंच राहिलं, नाव तेवढं उडालं. तेव्हाच्या वर्तमानपत्रातून त्यावर टीका झाली, पण उत्तर द्यायला राधानाथ नव्हते. भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं २००४ मध्ये.

माझा सीन आता पूर्ण झालाय. फाईलचं नाव ‘पीक १५’ ठेवलंय.