शिबुसावा एइची

जपानात पूर्वी समाजाच्या चार पायऱ्या मानीत. सर्वांत वर तलवार बाळगणारे सामुराई, त्यांखाली शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी. अशा काळी, १८४० मध्ये, एका खेड्यात शिबुसावा एइची यांचा जन्म झाला. घरी शेती व निळीचा धंदा होता. किशोरवयात एकदा ते वडिलांच्या वतीने सरकारी कचेरीत गेले. अधिकाऱ्याने ५०० सुवर्णनाण्यांची मागणी केली. वडिलांना विचारून सांगतो, असे एइची म्हणताच त्यांची हेटाळणी झाली. तो अपमान त्यांच्या मनात कायमचा सलत राहिला.

१८६७ मध्ये शोगुनच्या धाकट्या भावाबरोबर ते पॅरिसच्या प्रदर्शनास गेले. आगगाड्या व कारखाने तर त्यांनी पाहिलेच. पण एक लष्करी अधिकारी आणि एक पेढीवाला बरोबरीने बोलत बसतात, याचे त्यांना अधिक नवल वाटले!

ते परतले तेव्हा शोगुनची सत्ता संपली होती. नव्या सरकारने त्यांना अर्थखात्यात घेतले. राष्ट्रीय बँकांचा १८७२ चा कायदा तयार करण्यात त्यांचा मोठा हात होता. परंतु सरकारी खर्चावरून मतभेद होऊन १८७३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मानाचे पद सोडून व्यापारी होणे मित्रांना मुळीच रुचले नाही. शिबुसावांनी मात्र त्याच कायद्यान्वये निघालेल्या पहिल्या बँकेचा कारभार पत्करला. दुसऱ्याच वर्षी बँकेची एक मोठी भागीदार पेढी बुडाली. तिच्याकडे बँकेचे पुष्कळ कर्ज अडकले होते. पेढीची मालमत्ता तारण म्हणून मिळवून शिबुसावांनी बँक वाचविली.

पुढे कागद, कापड, विमा अशा सुमारे ५०० कंपन्यांना त्यांनी हातभार लावला. ओसाकाच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागे. पण जहाजांचे भाडे परदेशी कंपन्या ठरवीत. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, तेव्हा दोघांनी या प्रश्नाचा विचार केला. त्याच वर्षी जपानी जहाजे मुंबईस येऊ लागली. इंग्रज कंपनीने भाडे एकदम उतरविले, तरी जपानी गिरणीवाले आपल्याच जहाजांना धरून राहिले.

१८९० मध्ये मिळालेले वरिष्ठ सभागृहाचे सभासदत्व त्यांनी थोड्याच काळात सोडले. तोकियोच्या अनाथ व निराधारांच्या आश्रमाचे काम मात्र त्यांनी कधी सोडले नाही. प्रांतिक सभेने आश्रमाला पैसा देणे थांबविले, तेव्हा त्यांनी देणग्या गोळा करून तो चालविला. १९३१ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्या आश्रमाचे प्रमुख तेच होते.