डॉ. कादंबिनी गांगुली : पाटीवरची अक्षरे
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातले सगळे कागद वाचायचे काम माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन तालुक्याच्या गावी गेले होते. तिने दोन वर्षे दुखणे अंगावर काढले होते, पण पुरुष डॉक्टरांपुढे ते उच्चारायची तिची छाती होत नव्हती. तिथे एका बाई डॉक्टरांनी दवाखाना उघडल्याचे कानावर आले आणि ती आपणहून निघाली. दारावरची पाटी तिने मला वाचायला लावली. नाव वाचून झाल्यावर विचारले, पुढची ती बारकी अक्षरे कसली? मी म्हटले, पदवीची. तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. बाई आहे ना, मग झाले, असा तिचा चेहरा.

मला मात्र त्या अक्षरांचे फार अप्रूप. गेल्या वर्षी एका पेपरात मी नापास झाले, तेव्हा पदवीची अक्षरे आपल्या नशिबी नाहीत असेच धरून चालले होते. त्याच दिवसांत वाचनालयात आनंदीबाई जोशींविषयी वाचता वाचता मला कादंबिनी गांगुली भेटल्या. आनंदीबाईंना कोण ओळखत नाही! मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात वारल्या. पदवी हाती आली, पण रोगी तपासायला आयुष्य उरले नाही. कादंबिनीबाईंचे उलटे झाले. त्याच १८८६ साली हवी ती पदवी त्यांना नाकारली गेली, आणि पुढे पस्तीस वर्षे त्यांनी रोगी तपासले.

त्यांचा जन्म १८६१ चा, भागलपूरचा. वडील ब्रजकिशोर बसू मुख्याध्यापक आणि ब्राह्मो सुधारक. म्हणजे घरात पुस्तके होती, आणि मुलीने शिकावे असे वाटणारा बापही होता. माझ्यासारखीला याचाच जास्त हेवा वाटतो. १८७८ साली त्या कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पहिला वर्ग एका गुणाने हुकला. मुलींसाठी कॉलेज नव्हते, म्हणून बेथून शाळेतच कॉलेजचा वर्ग निघाला. त्या वर्गात विद्यार्थिनी एक आणि शिक्षकही एक! १८८३ साली त्या आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. या देशातल्या या पहिल्या दोन स्त्री पदवीधर.

त्याच वर्षी त्यांनी द्वारकानाथ गांगुली यांच्याशी विवाह केला. द्वारकानाथ त्यांचे शिक्षक, 'अबलाबांधव' पत्राचे संपादक, विधुर आणि वयाने सतरा वर्षांनी मोठे. स्वतःला सुधारक म्हणवणाऱ्या मित्रांनाही हे लग्न रुचले नाही. पण कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचे दार बायकोसाठी उघडावे म्हणून याच माणसाने हट्ट धरला. मद्रासेत १८७५ पासून स्त्रिया वैद्यक शिकत होत्या, कलकत्त्यात मात्र प्राध्यापकांचाच विरोध होता. अखेर सरकारची परवानगी आली आणि कादंबिनीबाई दाखल झाल्या. महिना वीस रुपये शिष्यवृत्ती मिळू लागली. मधल्या काळात बाळंतपण झाले, त्याची रजा तेरा दिवसांची. ही गोष्ट पार विलायतेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कानी गेली आणि १८८८ साली त्यांनी एका पत्रात या बाईंची कौतुकाने चौकशी केली.

अखेरच्या परीक्षेत एका विषयात त्यांना कमी गुण पडले आणि एम. बी. ची पदवी हुकली. कॉलेजने त्याऐवजी जी. बी. एम. सी. ही पदविका दिली. तिच्यावर व्यवसाय करता येत होता, पण तोलामोलात ती उणी. मी त्या जागी असते तर घरी जाऊन तोंड लपवले असते. त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला आणि वर्तमानपत्रात जाहिरातही दिली. लेडी डफरिन रुग्णालयात महिना तीनशे रुपयांवर नेमणूकही झाली, पण तिथे मान गोऱ्या डॉक्टरणींना. खाजगी व्यवसायात निदान वरिष्ठ कोणी नव्हता. रोग्याचा विश्वास बसला तर पुन्हा बोलावणे येई, नाही तर नाही.

अडचण होती ती बोलावण्याचीच. पडद्यातली बाई दवाखान्यात येणार नाही, डॉक्टरणीनेच तिच्या घरी जायचे. बाळंतपण काही घड्याळ पाहून येत नाही. म्हणजे रात्रीबेरात्री घोडागाडीतून निघणे आले. घरी सवतीच्या मुलांसह आठ मुलांचा संसार. रोग्याकडे जातानाचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून गाडीत बसून त्या लेस विणत. आईला हे सांगितले तेव्हा पदवीपेक्षा तेच तिला जास्त पटले. शेताच्या वाटेवर तीही हात रिकामा ठेवत नाही.

पण रात्री घराबाहेर पडणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड कुठले? १८९१ साली 'बंगबासी' या पत्राने आडून आडून त्यांना वेश्या ठरवले. दुसरे कोणी असते तर दार लावून बसले असते. गांगुली पतिपत्नी कोर्टात गेली. संपादकाला सहा महिने कैद आणि शंभर रुपये दंड झाला. मला हा प्रसंग त्यांच्या सगळ्या परीक्षांहून मोठा वाटतो. खटला हरला असता तर अब्रूबरोबर धंदाही गेला असता, कारण त्यानंतर कोणत्या घराने त्यांना माजघरात घेतले असते?

अक्षरांचा सल त्यांच्याही मनात असावा. १८९३ साली मुलांना घरी ठेवून त्या विलायतेला गेल्या आणि एडिंबरो, ग्लासगोच्या संस्थांचे तीन परवाने एकदम घेऊन आल्या. आता पाटी भरगच्च झाली. परतल्यावर काही काळ रुग्णालयात काम करून त्या पुन्हा खाजगी व्यवसायाकडे वळल्या. नेपाळच्या राजमातेवर उपचार करायला गेल्या, तेव्हा नजराण्यात एक तट्टूही मिळाले.

मुंबईशीही त्यांचा संबंध आहे. १८८९ च्या काँग्रेस अधिवेशनाला आलेल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींत त्या होत्या. आपल्या पंडिता रमाबाईही होत्या. (सत्यजित राय यांची आजी ही कादंबिनीबाईंची सावत्र मुलगी, हे मला फार उशिरा कळले.)

१८९८ साली द्वारकानाथ गेले. सभासंमेलनांतून त्या बऱ्याच बाजूला झाल्या, पण रोगी सोडले नाहीत. साठी उलटल्यावर, १९२२ साली, कवयित्री कामिनी राय यांच्याबरोबर त्या बिहार-ओरिसातल्या खाणींत राबणाऱ्या बायकांची स्थिती पाहायला गेल्या. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांनी नेहमीप्रमाणे एक शस्त्रक्रिया केली, घरी आल्या आणि त्याच दिवशी गेल्या.