वर्ध्याचा अभ्यासक्रम लिहिणारे झाकिर साहेब

दहावीचा निकाल लागला की मुंब्रा-कौशात, कल्याणच्या दूधनाक्यावर, भिवंडीच्या मोहल्ल्यांत घरोघरी वाटणी सुरू होते. मार्क चांगले असतील तर सायन्स, बरे असतील तर कॉमर्स, आणि काहीच जमलं नाही तर आयटीआय. हाताचं काम म्हणजे डोकं नसलेल्या पोराची सोय, असं आपण कधीतरी मनाशी ठरवून टाकलंय. अंबरनाथच्या किंवा वागळे इस्टेटीच्या आयटीआयमध्ये लेथवर सूत-सूत मोजून काम करणाऱ्या मुलाला किती गणित लागतं, हे मात्र त्या मुलालाच माहीत.

ही वाटणी मोडायची म्हणून ज्यांनी रीतसर इयत्तावार अभ्यासक्रम लिहून काढला, ते होते डॉ. झाकिर हुसेन. आपण त्यांना देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती म्हणून ओळखतो. पण देशाच्या शिक्षणावर ज्याची सर्वात जास्त चर्चा झाली, तो त्यांचा अहवाल आपल्या वर्ध्यात जन्मला, हे फारसं कुणी सांगत नाही.

झाकिर साहेबांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 चा, हैदराबादचा. घराणं आफ्रिदी पठाणांचं, मूळ गाव उत्तर प्रदेशातलं कायमगंज. वालिद फिदा हुसेन खान हैदराबादेत वकील होते. मुलगा दहा वर्षांचा असताना ते गेले. 1911 मध्ये प्लेगच्या साथीत आईही गेली. सात भावांपैकी हा तिसरा. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकला आणि डॉक्टर व्हायचं म्हणून लखनौला गेला, पण आजारपणाने ते राहिलं. मग अलीगढला अर्थशास्त्र घेतलं.

ऑक्टोबर 1920 मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडा, असं त्यांचं आवाहन होतं. झाकिर साहेब तेव्हा एम.ए. करता करता शिकवतही होते, पुढे चांगली सरकारी नोकरी दिसत होती. ते सोडून ते बाहेर पडले. 29 ऑक्टोबर 1920 रोजी मौलाना महमूद हसन यांच्या हातून जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी झाली, ती अशा बाहेर पडलेल्या मुलांच्या जोरावर.

1922 मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात वेर्नर झोम्बार्ट यांच्या हाताखाली भारतातल्या शेतीव्यवस्थेवर पीएच.डी. केली. तिथल्या काव्यानी छापखान्यात गालिबचा दिवान छापून घेताना टाइप जुळवायलाही ते स्वतः बसले. अर्थशास्त्राच्या डॉक्टरने खिळे जुळवणं त्या काळात आपल्याकडे कुणाला शोभलं नसतं.

त्यांच्यावर खरा परिणाम झाला तो म्युनिकच्या गेओर्ग केर्शेनश्टाइनर यांच्या विचारांचा. म्युनिकच्या शाळांचा कारभार या गृहस्थांकडे होता, आणि कामाला लागलेल्या पोरांच्या शाळा त्यांनी धंद्यानुसार बांधल्या होत्या, प्रत्येकीला वर्कशॉप. त्यांचं एक उदाहरण शिक्षणाच्या पुस्तकांत अजून देतात. मुलाला लाकडी फळ्या देऊन पक्ष्यासाठी पेटी बनवायला सांगा. फळी किती लागेल, कुठे कापायची, हे त्याला आधी डोक्यात ठरवावं लागतं. मग करायचं. आणि शेवटी सांधे जुळले की नाही हे मास्तरांनी सांगायची गरजच राहत नाही, पेटीच सांगते. आपली चूक आपणच पकडायची सवय पोराला तिथे लागते. झाकिर साहेबांनी पुढे शिक्षणावर जी भाषणं केली त्यांतही ह्याच पायऱ्या येतात: काय करायचं ते समजून घेणं, आखणी, करणं, आणि केलेलं तपासणं. यातलं एकही गाळलं तर ते काम राहतं, तालीम राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

इकडे जामियाची हालत वाईट होती. खिलाफत चळवळ थंडावली आणि पैसा आटला. बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या. बर्लिनहून झाकिर साहेब, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तिघांनी कळवलं की आम्ही येतोय, बंद करू नका. 1925 मध्ये जामिया दिल्लीत करोल बागेत आली आणि 1926 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, झाकिर साहेब तिचे शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. शिक्षकांनी वीस वर्षं काम करायची शपथ घेतली, महिन्याला दीडशेपेक्षा जास्त पगार न घेण्याच्या अटीवर. झाकिर साहेब स्वतः त्याहूनही कमी घेत. तिथल्या प्राथमिक शाळेत मुलं स्वतःचं दुकान आणि बँक चालवायची. हिशेब मुलांना अशाने लवकर येतो.

आता वर्धा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त शिक्षण परिषद भरली होती, अध्यक्ष गांधीजी. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आलेली, त्यांचे शिक्षणमंत्री हजर. गांधीजींचा प्रस्ताव असा की सात वर्षांचं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती द्यावं, आणि मुलांनी बनवलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा. सरकारकडे पैसा नव्हता, हे त्यामागचं एक कारण. दारूबंदी केली तर महसूल बुडणार, आणि शाळा त्याच महसुलावर चालायच्या.

सभेत मान डोलावणारे पुष्कळ असतात. झाकिर साहेब उठले आणि गांधीजींच्या समोर आपली शंका मांडली. कामातून शिक्षण ही कल्पना त्यांना मान्यच होती, ती नवीन नाही हेही त्यांनी सांगितलं. पण शाळेने आपला खर्च स्वतः काढावा यावर जास्त भर दिला तर शिक्षक मुलांकडून गुलामांसारखं काम करून घेतील, असा त्यांचा इशारा होता. गरिबाच्या पोराची मजुरी शाळेच्या नावाखाली लुटली जाईल. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनीही स्वावलंबनाच्या कल्पनेवर हरकत घेतली.

गांधीजींनी काय केलं? ज्याने शंका काढली त्यालाच समितीचं अध्यक्ष केलं. के. टी. शाहही समितीत. बाकीचे विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी आणि आर्यनायकम. 2 डिसेंबर 1937 रोजी अहवाल तयार. म्हणजे सहा आठवडेसुद्धा लागले नाहीत. आजकाल समितीचं नुसतं पत्र निघायला एवढा वेळ जातो.

अहवालात मुलांचं वय सात ते चौदा धरलं होतं. शाळा रोज साडेपाच तास, वर्षाला 288 दिवस. त्यातले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटं, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला तीस, कवायतीला दहा, सुट्टी दहा. गणिताला एवढा थोडा वेळ पाहून कुणी दचकेल. पण बेत असा होता की गणिताचा मोठा भाग त्या तीन तास वीस मिनिटांतच शिकवला जावा. सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळभाज्यांची बाग, चामड्याचं काम, किंवा त्या भागात चालणारा दुसरा कुठलाही उद्योग चालेल. अट मात्र कडक. त्या उद्योगात शिकवण्यासारखं भरपूर असलं पाहिजे, आणि माणसाच्या बाकीच्या जगण्याशी त्याचे धागे जुळले पाहिजेत. नुसता कारागीर तयार करणं हा हेतू नाही, हे अहवालाने स्पष्ट केलं. शिक्षण मातृभाषेतून, आणि हिंदुस्तानी शिकवताना देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिपींना जागा. वर्गात तीसपेक्षा जास्त मुलं नकोत. टकळी उजव्या हाताने चालवायची तशी डाव्यानेही, इतका तपशील त्यात होता.

हे वाचून भिवंडी आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या मोमीन-अन्सारी घरांत लूम आहे, बीम आहे, आणि सुताचा काउंट दहा वर्षांच्या पोरालाही पाठ असतो. चाळीस काउंट म्हणजे काय? 840 यार्डांच्या चाळीस गुंड्यांचं वजन एक पौंड. हे प्रमाणाचं गणित आहे, सरळ सरळ. त्यात कापूस कुठून येतो हा भूगोल आला, हातमाग कसे बसले आणि माणसं उत्तरेतून इकडे का आली हा इतिहास आला. वर्ध्याच्या समितीने जो अभ्यासक्रम कागदावर लिहिला तो इथे कारखान्यात उभा आहे, आणि तोच पोरगा शाळेत प्रमाण-भागाकारात नापास होतो. दोष पोराचा म्हणायचा की वर्गाचा?

फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, अध्यक्ष झाकिर साहेब. पुढे सरकारच्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने योजना तपासायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. शिकवणारे तयार नसतील तर कागदाचा उपयोग नाही, हे झाकिर साहेबांना पक्कं माहीत होतं, म्हणून 1938 मध्येच जामियात उस्तादों का मदरसा सुरू झाला.

आणि मग आपल्याच लोकांची नाराजी. अभ्यासक्रमात धर्मशिक्षणाचा तास नव्हता. जगातल्या सर्व धर्मांबद्दल आदर शिकवायचा, एवढंच. मुस्लिम लीगने योजनेला विरोध केला. मध्य प्रांतात विद्या मंदिर नावाची वेगळी योजना होती, तिच्या नावामुळेच मुसलमान दुखावले होते, आणि लोकांनी दोन्ही एकत्र धरल्या. ज्या माणसाने आयुष्य मुस्लिम संस्थेला दिलं, ज्याच्या जामियात इस्लामची तालीम अभ्यासक्रमाचा भाग होती, त्याला समाजातल्या अनेकांनी परका ठरवलं. धर्मशिक्षणाबद्दलची काळजी खोटी होती असं म्हणता येणार नाही, आजही मुंब्र्यातले आईबाप ती करतात. पण पोराच्या हाताला आणि डोक्याला एकत्र काम द्यायचा मुद्दा त्या भांडणात कुठल्या कुठे गेला. 1939 च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि कित्येक ठिकाणी काम थांबलं.

नोव्हेंबर 1946 मध्ये जामियाच्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली यांना एका व्यासपीठावर बसवलं आणि पेटलेली आग विझवण्याची विनवणी केली. पुढच्या ऑगस्टमध्ये काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर ते स्वतः दंगलखोरांच्या हातात सापडले. एका शीख अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवलं.

बाकीचं सर्वांना ठाऊक आहे: 1948 ते 1956 अलीगढचे कुलगुरू, 1957 मध्ये बिहारचे राज्यपाल, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न, 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. यात एक गोष्ट मागे पडते. ते मोठ्या पदांवर असतानाच त्यांची योजना मरत होती. स्वातंत्र्यानंतर पाट्या लागल्या, बुनियादी शाळा निघाल्या, आणि पुष्कळ ठिकाणी मुलं नुसती टकळी फिरवत बसली. त्यात ना आखणी होती, ना तपासणी, ना गणित. श्रीमंतांची पोरं इंग्रजी शाळेत, बुनियादी शाळा खेड्यातल्या गरिबांना. झाकिर साहेबांनी या प्रकारावर जाहीरपणे कडक शब्दांत नापसंती दाखवली. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द आणला, आणि आपल्याकडे शाळेत तो विषय म्हणजे क्रेप कागदाची फुलं आणि आईने घरी करून दिलेलं तोरण. आता नव्या शिक्षण धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख करून द्यायचं ठरलंय. ते शिकवणार कोण, याचं उत्तर ठाणे-कल्याणच्या उर्दू आणि मराठी शाळांनी पालकसभेत विचारायला हरकत नाही.

3 मे 1969 रोजी राष्ट्रपती भवनात झाकिर साहेबांचं निधन झालं. पदावर असताना इंतकाल झालेले ते पहिले राष्ट्रपती. त्यांना दफन केलं ते जामियाच्या आवारात. ज्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे ते कबरीच्या जवळच आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथे बसायला जागा मिळत नाही.